भाषाविज्ञानाचे परदेशी शिक्षण आणि मराठीचा अभ्यास : एक चिकित्सा

मराठी विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात भाषाविज्ञानाची अभ्यासपत्रिका बहुतेक विद्यापीठांत असते. तिच्यासाठी लिहिलेली पाठ्यपुस्तके एकमेकांशेजारी ठेवून पाहिली तर त्यांच्या रचनेत विलक्षण सारखेपणा दिसतो. आधी स्वनविचार, मग स्वनिमविचार, मग रूपिमविचार, त्यानंतर थोडक्यात वाक्यविचार आणि शेवटी उरल्या पानांत अर्थविचार. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो भाषेच्या स्वरूपातूनच आला असावा असे विद्यार्थ्यांना वाटते. वस्तुतः हा क्रम विसाव्या शतकाच्या मध्यावरील अमेरिकन संरचनावादाचा आहे. ब्लूमफिल्डचा १९३३ चा ग्रंथ आणि त्याच्या अनुयायांनी घडविलेली विश्लेषणपद्धती यांत अर्थाला जाणीवपूर्वक बाजूला ठेवले होते; आपल्या पुस्तकांत अर्थविचार अखेरीस आणि घाईने येतो, त्याचे मूळ तेथे आहे. एखाद्या देशातील विशिष्ट काळाची विद्याशाखीय पसंती आपल्या महाविद्यालयांच्या वर्गात शास्त्राचा सनातन क्रम होऊन बसली, ती कोणत्या वाटेने, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे. ही वाट परदेशी विद्यापीठांतून आली आहे. तिने मराठीला काय दिले आणि काय दिले नाही, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

परदेशी शिक्षणाविषयी आपल्याकडे दोन टोकांची भूमिका आढळते. एक भक्तिभावाची, दुसरी संशयाची. दोन्हींचा येथे उपयोग नाही. कोणता प्रश्न शिकून विद्यार्थी परत आला आणि तो प्रश्न मराठीच्या दृष्टीने किती कामाचा ठरला, एवढेच पाहावयाचे आहे.

पॅरिस आणि लंडन

मराठीच्या आधुनिक भाषावैज्ञानिक अभ्यासाचा पहिला मोठा ग्रंथ मराठी माणसाने लिहिलेला नाही, आणि इंग्रजीतही लिहिलेला नाही. ज्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. आंत्वान मेये आणि सिल्व्हँ लेव्ही यांच्या परंपरेत तयार झालेल्या या विद्वानाने संस्कृत-प्राकृतापासून मराठीपर्यंतच्या ध्वनिपरिवर्तनाचे नियम इतक्या काटेकोरपणे मांडले की पुढे भारतीय आर्यभाषांच्या इतिहासलेखनासाठी हा ग्रंथ नमुना ठरला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचे मराठी भाषांतर केले, ते १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी भाषांतर १९७० मध्ये आले. म्हणजे या ग्रंथाच्या बाबतीत मराठी वाचक इंग्रजी वाचकाच्या जवळजवळ तीस वर्षे पुढे होता. पुढच्या काळात असे क्वचितच घडले, म्हणून या घटनेची नोंद आवर्जून केली पाहिजे.

लंडन येथे शिकून आलेले सुमित्र मंगेश कत्रे यांनी कोकणीच्या घडणीवरील ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध केला. 'घडण' हा शब्द शीर्षकात यावा यातच ब्लॉक यांच्या प्रश्नाचा ठसा दिसतो. प्रश्न होता वंशावळीचा : आजचे रूप कोणत्या जुन्या रूपापासून कोणत्या नियमाने आले? हा प्रश्न मोलाचा आहे. पण त्याच्या चौकटीत बोलणारा माणूस दिसत नाही, रूपेच दिसतात. बोली दिसते तीही जुन्या रूपाचा पुरावा म्हणून. मराठीच्या अभ्यासक्रमांत 'मराठीचा उगम' या विषयाने जी जागा व्यापली आणि आजही व्यापली आहे, तिचे एक कारण ही पहिली पिढी ज्या विद्यापीठांतून प्रेरणा घेऊन आली तेथील अधिकृत प्रश्न हाच होता, हे आहे.

पॅरिसच्याच शिक्षणातून ना. गो. कालेलकर यांच्यासारखा अगदी वेगळ्या प्रकृतीचा अभ्यासक मराठीला मिळाला. 'ध्वनिविचार' (१९५५), 'भाषा आणि संस्कृती' (१९६२), 'भाषा : इतिहास आणि भूगोल' (१९६४) ही त्यांची पुस्तके. यांतील शेवटच्या पुस्तकाला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी विश्वकोशात जगातील नाना भाषांवरच्या ज्या नोंदी आहेत त्यांतील कितीतरी नोंदींखाली कालेलकरांचे नाव सापडते. ज्या भाषेचा एकही भाषक आपल्या वाचकाला आयुष्यात भेटणार नाही, तिच्याविषयीही दोन परिच्छेदांत स्वच्छ मराठीत सांगता येते, हा विश्वास फ्रेंच शिक्षणाने त्यांना दिला असेल किंवा तो त्यांचा स्वभाव असेल. परिणाम मात्र मराठीच्या पदरात पडला. कालेलकरांच्या गद्यात पारिभाषिक संज्ञा कमी आणि उदाहरणे अधिक असतात. प्रस्तुत लेखकाच्या मते परदेशी विद्येचे मराठीकरण कसे करावे याचा सर्वांत यशस्वी नमुना अद्यापही तेच आहेत.

इथाका येथील प्रश्न

१९५० च्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात भाषाविज्ञानाची सत्रे भरू लागली. अमेरिकन अध्यापक येथे आले, भारतीय तरुण तेथे गेले. भाषाविज्ञानाचे केंद्र युरोपातून अमेरिकेकडे सरकल्याचा आपल्याकडील परिणाम एवढ्या थोडक्यात सांगता येतो. अशोक रा. केळकर हे इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात शिकले. मराठीची स्वनव्यवस्था आणि रूपव्यवस्था या विषयावरील त्यांचा इंग्रजी प्रबंध १९५८ चा. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेचे पहिले संचालक देबीप्रसन्न पट्टनायक हेही कॉर्नेलचेच विद्यार्थी होते. भारतातील भाषाविज्ञानाची संस्थात्मक बांधणी या एका अमेरिकन विद्यापीठाशी किती जवळून निगडित आहे, हे या दोन नावांवरूनही ध्यानात येईल.

कॉर्नेलला त्या वेळी चार्ल्स हॉकेट अध्यापन करीत होते. त्यांचे गाजलेले पाठ्यपुस्तक १९५८ मध्येच आले. नोम चॉम्स्की यांचे वाक्यरचनेवरील पहिले छोटेखानी पुस्तक त्याच्या आदल्याच वर्षी, १९५७ मध्ये, निघाले होते. केळकर आणि त्यांच्या पिढीतील विद्यार्थी जी पद्धती आत्मसात करीत होते, तिच्यावरील मोठा हल्ला त्याच सुमारास सुरू झाला होता. परतलेल्या अभ्यासकाची अडचण येथे दिसते. तो घेऊन येतो तो शास्त्राचा एका क्षणाचा छेद असतो. तो आपल्याकडे पाठ्यपुस्तकात स्थिरावेपर्यंत तेथील वाद पुढे गेलेला असतो, आणि आपल्याकडे वाद येत नाही, केवळ त्याचा निकाल येतो. स्वनिम कसा ठरवावा यावर अमेरिकेत कडाक्याची भांडणे झाली. आपल्या वर्गात स्वनिमाची व्याख्या उतरून घेतली जाते.

तरीही संरचनावादाने मराठीला दिलेली दृष्टी कमी लेखण्यासारखी नाही. 'जग' हा शब्द लिहिला की तो 'विश्व' या अर्थाचा आहे की 'जगणे' या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप आहे, हे लिपीवरून कळत नाही, उच्चारल्याबरोबर कळते. पहिला 'ज' तालव्य आहे, दुसरा दंततालव्य. च, ज, झ यांचे हे दुहेरी उच्चार आपल्या व्याकरणकारांना ठाऊकच होते. पण हा केवळ उच्चारातील फरक नसून अर्थभेदक आहे, आणि मराठीच्या ध्वनिव्यवस्थेत त्याला लिपीनिरपेक्ष स्थान दिले पाहिजे, हे पद्धतशीरपणे सांगण्याचे साधन संरचनावादाने पुरविले. लिपी म्हणजे भाषा नव्हे, ही गोष्ट मराठी वर्गात आजही पटवून द्यावी लागते. त्यासाठी या एका जोडीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

केळकर स्वतः कॉर्नेलच्या चौकटीत अडकून राहिले नाहीत. 'वैखरी' आणि 'मध्यमा' ही भाषा व भाषाव्यवहार यांवरील पुस्तके, 'प्राचीन भारतीय साहित्यमीमांसा' आणि २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविणारे 'रुजुवात' ही नावे पाहिली तरी त्यांच्या चिंतनाचा पैस कळतो. मात्र त्यांचे मराठी गद्य सामान्य विद्यार्थ्याला कठीण जाते. नव्या संज्ञा घडविण्याची त्यांची हौस आणि एका वाक्यात चार भेद साधण्याचा त्यांचा आग्रह यांमुळे त्यांचा वाचकवर्ग मर्यादित राहिला. विचारवंत म्हणून केळकर कालेलकरांहून मोठे आहेत. शिक्षक-लेखक म्हणून नव्हेत. आपल्या पाठ्यपुस्तककारांनी या दोघांपैकी कोणाचाच मार्ग धरला नाही. केळकरांची परिभाषा घेतली आणि तिच्यामागचा विचार तेथेच ठेवला. परिणामी एकाच कल्पनेसाठी स्वनिम, ध्वनिम, वर्ण अशा संज्ञा वेगवेगळ्या पुस्तकांत नांदतात आणि विद्यार्थी कोणती 'बरोबर' हे विचारीत राहतो.

एका वाक्याची परीक्षा

परदेशी शिक्षणाचे मोल अमूर्तपणे ठरविण्यापेक्षा एखादे साधे वाक्य घेऊन पाहणे बरे. 'तू पोळी खाल्लीस.' या वाक्यात क्रियापदाचे लिंग-वचन पोळीप्रमाणे आहे : आंबा असता तर 'खाल्लास', आंबे असते तर 'खाल्लेस'. पण शेवटचा 'स' कर्त्याचा आहे, कारण 'तिने पोळी खाल्ली' असे म्हणताना तो नाहीसा होतो. म्हणजे एकच क्रियापद एकाच वेळी कर्म आणि कर्ता या दोघांशी मेळ ठेवते. आपल्या व्याकरणपरंपरेने हे हेरले होते आणि अशा रचनेला कर्तृ-कर्मसंकर असे नाव दिले होते. शालेय व्याकरणातही ते येते. प्रयोगविचार हे मराठी व्याकरणाचे मोठे वादक्षेत्र. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त या वादाचा जो विस्तार आहे, तो पाहिला म्हणजे परदेशी न जाता, इंग्रजी आणि संस्कृत या दोन्ही परंपरा घरीच पचवून माणूस कोठवर जाऊ शकतो याची कल्पना येते.

आता याच वाक्याला परदेशी विद्यापीठांतील तीन वेगवेगळ्या काळांचे प्रश्न विचारून पाहावेत. पॅरिसचा प्रश्न ऐतिहासिक : जुन्या मराठीत 'म्यां', 'त्वां' अशी तृतीयेची वेगळी रूपे होती, प्रमाण मराठीतून ती गेली आणि 'मी', 'तू' ही रूपे दोन्हीकडे चालू लागली. म्हणून 'तिने' या रूपाशेजारी 'तूने' आढळत नाही. इथाकाचा प्रश्न विभाजनाचा : 'खाल्लीस' यातील रूपिम किती व कोणते? यानंतरचा प्रश्न भाषाप्रकारांच्या तुलनेचा आहे. मायकेल सिल्व्हरस्टीन यांनी १९७६ मध्ये दाखविले की ज्या भाषांत सकर्मक क्रियेच्या कर्त्याला वेगळे चिन्ह लागते, त्यांतील कित्येकींत प्रथम आणि द्वितीय पुरुषाची सर्वनामे त्या चिन्हापासून दूर राहतात. ऑस्ट्रेलियातील डिर्बल ही याची प्रसिद्ध साक्षीदार. मराठीत 'मी' आणि 'तू' यांना 'ने' लागत नाही आणि 'तो', 'ती' यांना लागतो, ही गोष्ट मग मराठीची लहर उरत नाही. जगातील दूरदूरच्या भाषांशी तिचे नाते दिसू लागते. स्टॅनफर्ड येथे शिकलेल्या अश्विनी देव यांनी देवयानी शर्मा यांच्यासह २००६ मध्ये भारतीय आर्यभाषांतील याच रचनेच्या विविधतेवर लेख लिहिला. त्यात मराठी ही हिंदी, गुजराती, नेपाळी यांच्या ओळीत उभी राहते आणि प्रत्येकीने जुन्या व्यवस्थेतील काय राखले व काय टाकले याचा आलेख तयार होतो.

घरच्या परंपरेने रचना ओळखली, इतिहासाने तिची वाट सांगितली, तुलनेने तिचे स्थान सांगितले. यांतील कोणतीही एक गोष्ट दुसरीची जागा घेऊ शकत नाही. परदेशी शिक्षणाचा खरा लाभ या तिसऱ्या गोष्टीत आहे. भाषांच्या वर्णनांचे एवढे मोठे ग्रंथालय आणि त्यांच्यावर काम करणारे इतके लोक एका छताखाली आपल्याकडे सहसा मिळत नाहीत. मात्र या वाक्याची कथा आणखी एका ठिकाणी जाते, आणि ते ठिकाण स्टॅनफर्डला नाही. वऱ्हाडात 'तुनं भाकर खाल्ली' असे बोलले जाते. तेथे सर्वनामालाही चिन्ह आहे आणि क्रियापदाचा 'स' नाही. प्रमाण मराठीपुरते बांधलेले कोणतेही स्पष्टीकरण अमरावतीच्या बाजारात अपुरे पडते.

'आपण' या सर्वनामाचीही अशीच कथा आहे. 'आपण सगळे जाऊ' येथे ते श्रोत्याला सामावून घेते; 'आपण बसावे' येथे आदरार्थी द्वितीय पुरुष होते; मुंबईच्या बोलण्यात 'आपण नाही बुवा येणार' असे म्हणताना ते चक्क 'मी' होते; आणि 'सुमनला वाटते की आपण हुशार आहोत' येथे ते सुमनकडे परत जाते. या शेवटच्या 'आपण'ने आणि त्याच्या जोडीला 'स्वतः'ने आत्मवाचक सर्वनामांच्या सिद्धांतात मोठी कामगिरी बजावली. काशी वली यांचे लेखन आणि मेरी डॅलरिम्पल यांचा १९९३ चा ग्रंथ यांतून ही मराठी सर्वनामे जगभरच्या भाषावैज्ञानिकांना परिचित झाली. मराठी ही येथे पुरावा आहे, सिद्धांत इंग्रजीत आहे. यात गैर काहीच नाही. शास्त्र असेच चालते. चिंता वाटते ती याची, की हे सर्वनाम रोज चार अर्थांनी वापरणाऱ्या मराठीच्या विद्यार्थ्याला त्याची ही कीर्ती पदव्युत्तर पदवी मिळेपर्यंत सहसा कळत नाही.

कोणासाठी लिहिले

मराठीची आजची दोन उत्तम वर्णनात्मक व्याकरणे इंग्रजीत आहेत : राजेश्वरी पंढरीपांडे यांचे १९९७ चे आणि रमेश धोंगडे व काशी वली यांचे २००९ चे. पंढरीपांडे यांनी इलिनॉय विद्यापीठातून पदवी घेतली व तेथेच अध्यापन केले. त्यांचे व्याकरण एका आंतरराष्ट्रीय मालेतील आहे. त्या मालेत सर्व भाषांना एकच प्रश्नावली लावलेली असते, त्यामुळे त्यातील मराठी जगातील इतर भाषांशी ताडून पाहता येते. तुलनेची सोय म्हणून ही पद्धत निर्दोष आहे. पण प्रश्नावली ज्याने केली त्याला मराठीत 'माझ्याच्याने चालवत नाही' असे शक्य क्रियापद असते हे आधी ठाऊक नसते. ते वर्णनात कोठेतरी बसवावे लागते. दामल्यांच्या व्याकरणात अशा क्रियापदाला स्वतःचे घर आहे. इंग्रजीतील व्याकरणे परदेशी भाषावैज्ञानिकांसाठी लिहिली गेली आणि त्यांनी आपले काम चोख केले. दामल्यांनंतर तेवढ्या आवाक्याचे, नव्या ज्ञानाला सामावून घेणारे वर्णनात्मक व्याकरण मराठीतून मराठी वाचकासाठी लिहिण्याचे काम कोणत्याही परदेशी विद्यापीठाचे नव्हते. ते आपल्या विद्यापीठांचे होते.

उलट दिशेच्या प्रवासाचाही विचार केला पाहिजे. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन अभ्यासिकेने फलटणच्या बोलण्यातील सामाजिक भेदांवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९७३ मध्ये प्रबंध सादर केला. पुढे त्या फलटणलाच राहिल्या, भारतीय नागरिक झाल्या आणि प्रगत शिक्षण संस्थेच्या द्वारे मुलांना वाचन-लेखन कसे शिकवावे या प्रश्नाला त्यांनी आयुष्य दिले. घरी 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला शाळेत 'पाणी' म्हणावयास लावताना त्याच्या मनात काय घडते, हा प्रश्न ब्लॉक यांच्या चौकटीत नव्हता आणि हॉकेट यांच्याही नव्हता. सामाजिक भाषाविज्ञानाने तो विचारणे शक्य केले, आणि फलटणमध्ये त्या विद्येचे रूपांतर शाळेत झाले. परदेशी शिक्षण मराठीच्या कामी आल्याची जी मोजकी उदाहरणे आहेत त्यांत हे अग्रभागी ठेवावे लागेल. ते काम एका परदेशी जन्मलेल्या विदुषीने केले हे आपल्याला थोडे बोचले तरी हरकत नाही.

सांगली जिल्ह्यातील कुपवाडची कथा याच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये असे मांडले की तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांच्या रचना शतकांच्या सहवासाने इतक्या जवळ आल्या आहेत की शब्दाला शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत जाता येते. हा लेख जगभर अभ्यासला गेला. कुपवाड हे नाव पाठ्यपुस्तकांत गेले. डेक्कन महाविद्यालयाच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्या गावाचा पुन्हा अभ्यास करून २०१६ मध्ये या मांडणीची चिकित्सा केली. पंचेचाळीस वर्षे एक गाव जागतिक दाखला म्हणून वापरले जात होते. तेथे जाऊन पुन्हा कान देणे हे जवळच्या संस्थेलाच सोपे होते. अ. मा. घाटगे यांची बोलींच्या पाहणीची पुस्तके आणि अलीकडचे मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हेही याच जातीचे, घरी बसूनच होऊ शकणारे काम आहे.

जाणार कोण

येथवर ज्यांची नावे आली त्यांत महाराष्ट्रातील कोणत्या समाजगटांतील विद्यार्थी परदेशी जाऊ शकले हेही नावांवरूनच कळते. भाषाविज्ञानापुरता हा प्रश्न केवळ न्यायाचा नाही, विद्येच्या गुणवत्तेचाही आहे. ज्याच्या बोलीला वर्गात अशुद्ध म्हटले गेले, त्याच्या कानाला प्रमाण मराठीतील आणि बोलीतील फरक सर्वांत आधी जाणवलेला असतो. वऱ्हाडी, झाडी, अहिराणी, वारली बोलणारा विद्यार्थी प्रशिक्षण घेऊन आला तर तो जे ऐकेल, ते पुण्याच्या विद्यार्थ्याला महिनाभर गावात राहूनही ऐकू येईलच असे नाही.

या दृष्टीने २०२२ मधील एक निर्णय मराठीच्या अभ्यासकांनी लक्षपूर्वक वाचावयास हवा होता. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी असलेल्या केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय त्या वर्षी वगळण्यात आले. या विषयांचे ज्ञान देशातच उपलब्ध आहे असे त्याचे समर्थन करण्यात आले. एखाद्या भटक्या जमातीतील विद्यार्थिनीने आपल्याच समाजाच्या बोलीचा अभ्यास करण्यासाठी लंडनला जावयाचे ठरविले, तर तिचा विषय या वगळलेल्या यादीत मोडतो की नाही, यावर तिची शिष्यवृत्ती ठरेल. तेथील एखाद्या तिसऱ्याच भाषेचा अभ्यास करण्यास मात्र अडसर नाही. ब्लॉक यांना मराठीसाठी पॅरिस पुरेसे वाटले नाही, ते भारतात आले. केळकरांना मराठीसाठी पुणे पुरेसे वाटले नाही, ते इथाकाला गेले. स्वतःच्या भाषेकडे दुरून पाहण्याची ही मुभा ज्या वर्गाला पूर्वीपासून होती त्याला ती आजही आहे, कारण त्याला शासनाच्या यादीची गरज नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. तेव्हापासून प्राचीनतेविषयी, शिलालेखांविषयी आणि 'गाथासप्तशती'विषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. म्हणजे आपण पुन्हा १९२० च्या पॅरिसमधील प्रश्नाकडे वळलो आहोत, फक्त ब्लॉक यांची शिस्त सोबत न घेता. 'तू पोळी खाल्लीस' या वाक्याचा 'स' पूर्वेकडे जाताना नेमका कोणत्या गावी गळून पडतो, हे विचारणाऱ्या संशोधन-प्रस्तावाला या नव्या दर्जातून निधी मिळतो का, हे पाहिले पाहिजे. आणि तो प्रस्ताव लिहिणारी विद्यार्थिनी त्या गावचीच असेल, तर तिला त्याआधी दोन वर्षे बाहेर पाठविण्याची तरतूद कोणत्या शीर्षाखाली करता येते, हेही.